अ‍ॅल्युमिनाच्या कणसीमेवरचं यिट्रियम

यिट्रियमचा आयन अ‍ॅल्युमिनियमच्या आयनापेक्षा बराच मोठा. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनात किंचित घातलं तरी ते स्फटिक कणात मावत नाही, कणसीमेवर (दोन कणांमधल्या सीमेवर) जाऊन बसतं आणि तापमान चढल्यावर होणारा क्रीप (सततच्या ताणाखाली पदार्थाचा आकार हळूहळू बदलणं) रोखतं. स्टेम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या हाडफ प्रतिमेत (हिच्यात जड अणू जास्त उजळ दिसतात) ते लखलखीत उठून दिसतं: अणुक्रमांक 39, अ‍ॅल्युमिनियमचा फक्त 13.

खरी मेहनत नमुन्याची. सीमा इलेक्ट्रॉनांच्या झोताला नेमकी समांतर हवी. 50 नॅनोमीटर जाडीच्या नमुन्यात 1 अंशाचा कल राहिला तरी सीमा जवळपास 0.9 नॅनोमीटर पसरलेली दिसते. हा पसारा म्हणजे यिट्रियमचा रुंद थर, असं अजिबात समजू नका. नमुना एफआयबीने (गॅलियम आयनांच्या बारीक झोताने) कापला असेल तर गॅलियमही सीमेवर साचू शकतं, म्हणून शेवटची सफाई आर्गॉन आयनांनी, कमी व्होल्टेजवर करा. ईडीएस नकाशा (क्ष-किरणांवरून कुठे कोणतं मूलद्रव्य आहे ते दाखवणारा) घेताना ड्रिफ्ट करेक्शन, म्हणजे नमुना सरकल्याची भरपाई, चालूच हवं.