कोणत्या टायमाचे सव्वाआठ?

मंडळी, माझ्या रहस्य कादंबरीचा तिसरा खर्डा मेला. मारायला एकच वाक्य पुरलं.

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात जाहीर केलं होतं, की अ‍ॅलिबी (गुन्ह्याच्या वेळी आरोपी दुसरीकडेच होता, असा पुरावा) जमली, आता फक्त लिहून काढायचं. नव्याने आलेल्यांसाठी एका दमात सांगतो. मुंबई, साल १८८२. एक मुनीम गिरगावात आपल्या शेठच्या भागीदाराचा खून करतो. शेजारचे निवृत्त शिरस्तेदार सांगतात, किंकाळी ऐकली तेव्हा घरच्या घड्याळात सव्वाआठ झाले होते. भायखळ्याचा स्टेशनमास्तर सांगतो, सव्वाआठला मुनीम माझ्यासमोर उभा होता. दोघंही खरंच बोलतायत. शिरस्तेदारांचं घड्याळ मुंबई टायमाचं, स्टेशनचं मद्रास टायमाचं, आणि मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. स्टेशनात सव्वाआठ झाले तेव्हा गिरगावात पावणेआठच झालेले. उरलेल्या अर्ध्या तासात माणूस शिग्राम (घोडागाडी) करून गिरगावात पोचतो आणि काम उरकतो.

या अर्ध्या तासावर मी आठ महिने जगलो. आपल्यातल्याच एका मैत्रिणीला खर्डा वाचायला दिला, तर तो समासात पेन्सिलीची एक ओळ घेऊन परत आला: "पण तेव्हाच्या मुंबईत हे कुणाला माहीत नव्हतं?"

झालं. रात्री झोप नाही.

तिचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे. रेल्वे आणि तारखातं मद्रास टायमावर चालायचं, शहर आपल्या टायमावर. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसननं (हो तेच, कॉलेजवाले) सरकारी कचेऱ्यांची घड्याळंही मद्रास टायमावर नेली आणि शहर भडकलं. राजाबाई टॉवरच्या घड्याळानं कोणती वेळ दाखवायची यावरही भांडण झालं. म्हणजे माझी गोष्ट घडते त्या वर्षी दोन टायमांचा घोळ हा मुंबईकरांचा आवडता वाद होता. अशा शहरातला फौजदार दोन साक्षीदारांच्या तोंडून "सव्वाआठ" ऐकतो आणि "कोणत्या टायमानं?" असं विचारतच नाही? आजच्या कादंबरीत पोलीस मोबाइलचं लोकेशन बघायला विसरावेत, तसं झालं हे. ज्या भांडणावरून कादंबरी सुचली, त्याच भांडणानं तिचा गळा दाबला.

डागडुजी करून पाहिली. आधी स्टेशनमास्तरला विसरभोळा केला. पण विसरभोळ्या साक्षीदाराच्या शब्दावर मुनीम सुटेल कसा? मग तपास करणारा अधिकारी कलकत्त्याहून नुकताच आलेला दाखवला, म्हणजे त्याला स्थानिक घोळ माहीत नसेल. हे तर आणखी वाईट. कलकत्त्याचा टाइम मुंबईच्या तासाभराहूनही पुढे, त्यामुळे तो माणूस गाडीतून उतरतानाच घड्याळ फिरवत उतरणार. मुंबईत सगळ्यात सावध तोच असेल.

मग घटका. हे सुचलं तेव्हा मी खोलीतल्या खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. साक्षीदार शिरस्तेदार नाहीतच, वाड्याचा म्हातारा रखवालदार आहे. त्याला घड्याळ कळत नाही, तो "दिवेलागणीनंतर तीन घटका" असं सांगतो. भाषा काय सुंदर उतरली म्हणून सांगू. पण घटका चोवीस मिनिटांची. माझा फरक तीस मिनिटांचा. वर दिवेलागण ऋतूप्रमाणे सरकते, म्हणजे खुनाची तारीख बांधून घ्या, सूर्यास्त काढा, आणि वाचकाला हे सगळं समजावत बसा. समजावण्यात साडेतीन पानं गेली. रहस्यकथेत साडेतीन पानं गणित म्हणजे वाचकाला स्वतःहून दार उघडून देणं. रखवालदाराला जड मनानं रजा दिली. त्याची दोन वाक्यं मात्र जपून ठेवली आहेत, कुठेतरी लावीनच.

या सगळ्यात कामी आली ती एक्सेलची शीट. इंडेक्स कार्डांचा धर्म पाळणाऱ्यांनी मला माफ करावं, पण वेळेचं कोडं कार्डांवर सुटत नाही, कार्डं फक्त फोटोत छान दिसतात. माझ्या शीटला तीन रकाने होते: घटना, मुंबई, मद्रास. हे तीन लक्षात ठेवा, पुढे चौथा येणार आहे.

दरम्यान एक फटकाही खाल्ला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचं "१८८० च्या सुमाराचं" वेळापत्रक, हुबेहूब प्रत, असं सांगून एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यानं मला एक चोपडी गळ्यात मारली. उघडल्यावर पहिल्याच पानावर व्हिक्टोरिया टर्मिनस. ते नाव आलं १८८७ साली, त्याआधी बोरीबंदर. दोन पानं पुढे विजेच्या लोकल. विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला. म्हणजे माल चाळीस-पन्नास वर्षं तरुण निघाला. तक्रार केली तर उत्तर आलं, "जुनं तर आहे ना?" आता याला काय म्हणायचं. (माझ्याच पहिल्या खर्ड्यात मुनीम १८८२ साली व्हीटीला उतरत होता, तेव्हा फार उड्या मारत नाही.)

उलट मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाबद्दल किती बोलू. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठानं ऑनलाइन शोधता येईल अशी करून ठेवली आहे. संवाद लिहिताना एखाद्या शब्दाची शंका आली की मी आधी तिथे डोकावतो. शब्द तिथे नसला म्हणून तेव्हा नव्हताच असं नाही, पण असला तर निर्धास्तपणे पात्राच्या तोंडी घालता येतो.

आता मूळ गोष्ट. वाट सापडली ती मुंबईत नाही, इंग्लंडातल्या डॉर्चेस्टरमध्ये. टेलिग्राफच्या तारेमुळे पकडल्या गेलेल्या खुन्यांबद्दल (जॉन टॉवेल नावाचा खुनी, १८४५, मागे लिहिलंय) वाचताना १८५८ सालचा एक इंग्लिश खटला समोर आला. न्यायाधीश कोर्टाच्या घड्याळाप्रमाणे दहाला येऊन बसले. प्रतिवादी हजर नाही, निकाल त्याच्या विरुद्ध. तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, गावच्या घड्याळात अजून दहा वाजायचेत. कोर्टाचं घड्याळ ग्रिनिचवर, गाव आपल्या वेळेवर. पुढे वरच्या कोर्टानं ठरवलं, गावची वेळ खरी. मजेचा किस्सा म्हणून वाचून मी पुढे गेलो होतो. दोन दिवसांनी भांडी घासताना लख्ख झालं: त्या न्यायाधीशाला कुणी फसवलंच नव्हतं. घोळ झाला तो कुणाच्या जबानीत नाही, खुद्द कोर्टाकडे.

मी आठ महिने घोळ साक्षीदारांच्या डोक्यात शोधत होतो. तो कागदात हवा!

नीट सांगतो. हवालदार जागेवर जाऊन दोन्ही जबान्या घेतो आणि मोडीत खरडतो. दोन्हीत "सव्वा आठ". तो बिचारा दोन्ही ठिकाणी हजर होता, त्यामुळे स्टेशनचे सव्वाआठ वेगळे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, इतकं की लिहावंसंही वाटत नाही. मग तो कागद पोलीस कमिशनरच्या कचेरीत जातो. (फ्रँक सौटर १८६४ पासून त्या खुर्चीत.) तिथला कारकून मोडीवरून इंग्रजी प्रत करतो. नवा हुकूम ताजा आहे: सरकारी कागदावर मद्रास टाइम. कारकून हुशार, नेकीचा, कामसू. त्याला वाटतं, हवालदारानं शहरात फिरून टिपलंय म्हणजे सगळं मुंबई टायमातच असणार. तो प्रत्येक वेळेत अर्धा तास मिळवतो. शिरस्तेदारांचे सव्वाआठ होतात पावणेनऊ, हे बरोबर. स्टेशनमास्तरचे सव्वाआठ मुळातच मद्रासचे, तेही होतात पावणेनऊ. आणि वर सुबक अक्षरात तो एक ओळ लिहितो: "सर्व वेळा मद्रास टायमाप्रमाणे."

त्या ओळीनं सगळं बदललं. आता फौजदार विचारतो ना, कोणत्या टायमानं? विचारतोच. तो प्रश्न मी मुद्दाम त्याच्या तोंडी घातलाय, श्रेय मैत्रिणीचं. पण उत्तर कागदाच्या माथ्यावरच लिहिलेलं आहे. ज्याला उत्तर मिळालं, तो पुढे शोधत नाही.

शीटला चौथा रकाना जोडला: "कागदावर". सगळ्या ओळी बसल्या. माझ्याकडून चक्क टाळी वाजली, घरातलं माणूस बघायला आलं.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं १०३ वं कलम उदाहरण देऊन सांगायचं, की मी त्या वेळी दुसरीकडे होतो असं आरोपीला कोर्टाला पटवायचं असेल तर ते त्यानंच सिद्ध करायचं. जुन्या खर्ड्यात मुनीम घड्याळांशी खेळणारा पाताळयंत्री होता, स्टेशनमास्तरला मुद्दाम वेळ विचारणारा. आता त्याला काही सिद्ध करावंच लागत नाही. पोलीस स्वतःच त्याला सोडतात. तो त्या दिवशी सहजच स्टेशनात होता, मग संतापाच्या भरात खून केला, आणि आता फाशीची वाट बघत बसलाय, तर हे म्हणतात घरी जा. आपण का सुटलो हे खुन्यालाच कळत नाही! पाताळयंत्री माणसापेक्षा हा कितीतरी घाबरवणारा वाटतोय मला. जो सुटकेचं कारण शोधत हिंडेल, तो काहीही करील.

उकल कशी? स्टेशनमास्तरच्या जबानीत एक फालतू वाटणारं वाक्य आहे: "तेव्हा गाडी लागलेली होती." फौजदार वेळापत्रक काढतो. सव्वाआठच्या आसपास गाडी आहे. पावणेनऊला नाहीच. म्हणजे मास्तर खोटं बोलतोय किंवा कागद. तिथून तो मूळ मोडी कागदापर्यंत जातो.

मोडीवरून आठवलं. हवालदाराचा तो कागद मला स्वतःच्या हातानं लिहून पाहायचा होता, म्हणून तीन संध्याकाळी एका जुन्या दस्तावर घालवल्या. आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं, हात शक्य तितका न उचलता, दोन शब्दांत जागा न सोडता. तिसऱ्या संध्याकाळी एका ओळीतून "सदरहू इसम" सरळ वर आलं, जणू पाण्यातून. दोनच शब्द. दोन मिनिटं नुसता बघत बसलो. शिवाय कारकून एखादी खूण कशी चुकवू शकतो, तेही कळलं. "इष्टेशनाचे घड्याळी" असं हवालदारानं लिहिलंच असेल, आणि गिचमिडीत कारकुनाला ते दिसलंच नसेल, तर?

थांबा. हे लिहिता लिहिता एक निराळंच सुचतंय. हे शब्द त्याला नंतर दिसले तर? पंधरा दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी तो कागद पुन्हा हातात येतो, आणि तेव्हा दिसतात. माणूस सुटलेला. चूक आपल्या अक्षरात. बोललो तर नोकरी जाते, आणि न बोललो तर खुनी गिरगावात हिंडतोय. एकवार वाटलं, त्याला सामीलच दाखवावं. नको. सामील कारकून शंभर गोष्टींत आहेत. हा नेकीचाच राहू दे, आणि गप्प राहू दे.

म्हणजे नववं प्रकरण फौजदाराकडून काढून कारकुनाला द्यावं लागणार. म्हणजे आठवंही हलणार. आणि मुनीम सुटकेचं कारण शोधत हिंडणार असेल, तर त्याचा शोध कुणाच्या दाराशी संपतो ते उघड आहे. अरे देवा. जपून ठेवलेली ती रखवालदाराची दोन वाक्यं इथे बसतील, त्या रात्री कारकुनाच्या गल्लीत जागं कोण असणार, तोच ना.

महिनाअखेरीस खर्डा पुरा करायचा बेत तूर्त रद्द. कुणाकडे १८८० च्या दशकातल्या जीआयपीच्या संध्याकाळच्या गाड्यांचं पान असेल, अस्सल, तर कळवा. तोवर माझी गाडी आठ बाराला भायखळ्यात उभी आहे, पेन्सिलीत.