तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राकडची भिंत काचेची करू का?

जागा गुहागरची असो की वेंगुर्ल्याची, प्रश्न ठरलेला. ‘समुद्राकडची अख्खी भिंत सरकत्या काचेची केली, तर बाहेरचं सगळं घरात येईल ना?’ येईल. जूनमध्ये पाऊसही येईल.

काच हवी तर लावा, पण तिच्यापुढे पडवी घाला, आणि पडवीचं माप झडीवरून ठरवा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो. तो ४५ अंशांत आला असं धरा. वळचणीची कड फरशीपासून ७ फुटांवर असेल, तर त्या कडेपासून ७ फूट आत जमीन भिजणार. कड खांबांच्या बाहेर २ फूट काढली, तर ८ फुटी पडवीतले ५ फूट ओले आणि भिंतीलगतचे ३ फूट कोरडे. दोन खुर्च्या आणि चहाचा कप तेवढ्यात मावतो. हीच कड ९ फुटांवर नेली की कोरडा उरतो जेमतेम १ फूट. नकाशावर उंच छप्पर देखणं दिसतं खरं, पण उतार खाली झुकलेलाच हवा. आणि ४ फुटी पडवी करणार असाल तर ती ओल्या चपला ठेवायला आहे असं समजून करा. झडीला आडोसा म्हणून झावळ्यांचे झाप टांगायला खांबांच्या माथ्याला कड्या बांधकामातच बसवून घ्या.

पडवीची फरशी घरापेक्षा २ इंच खाली आणि ८ फुटांत १ इंच बाहेर उतरती ठेवा. सरकत्या दाराच्या रुळाला पाणी बाहेर जायची भोकं असतात. वर्षभर वाळू साचून ती बुजतात आणि पहिल्या मोठ्या सरीत रूळ भरून पाणी आत सांडतं. मे सरता सरता जुना टूथब्रश फिरवा. जाळीचे स्क्रू, कड्या यांना ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालेल असं दुकानदार सांगतो, पण खाऱ्या वाऱ्यात त्यावरही तांबूस डाग धरतात. ३१६ ग्रेडचं मागा.

उघड्या पडवीत वारा खालून शिरतो आणि छप्पर उचलतो. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा कौलं कशी उडाली ते त्या पट्ट्यात कुणालाही विचारा. वासे खांबांना बोल्टने आवळा, खांब पायात पक्के करा, कडेच्या ओळींची कौलं तारेने बांधा.

पागोळ्या पडतात तिथे २ फूट रुंद खडीचा पट्टा टाका, नाहीतर तांबडी माती उडून चिऱ्याची भिंत गुडघ्यापर्यंत रंगते. १००० चौरस फूट छपरावर ३००० मिलिमीटर पावसात पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. ते गडग्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाबाहेर, सोडू नका, शोषखड्ड्यात वळवा. मे महिन्यात विहिरीत डोकावताना आठवेल.

चारनंतरचं ऊन वळचणीखालून थेट आत येतं. त्याला पश्चिमेला फणस किंवा आंबा लावा. नारळ मात्र छपरापासून १५-२० फूट लांबच.