दिवेलागण झाली की नेट मरायचं

गेल्या ऑगस्टच्या १९ तारखेला रात्री साडेआठला मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ओटीवर बसले होते आणि जीएसटी पोर्टलवरचं चाक गरगर फिरत होतं. २० तारीख ही ३बी, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची शेवटची. पुण्यातल्या अकरा दुकानदारांचे हिशेब माझ्याकडे, त्यातले चार अजून भरायचे होते. शेवटी छत्री घेऊन, देवळाच्या बाजूला जिथे मोबाईलला दोन काड्या जास्त मिळतात तिथे जाऊन हॉटस्पॉटवर काम उरकलं. व्याडेश्वराच्या ओवरीत बसून रिटर्न भरणारी गुहागरात मी पहिलीच असेन.

नेट मे महिन्यात घेतलेलं. प्लॅन १५० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १५० मेगाबिट; पुढचे वेगाचे आकडे याच मापातले. कंपनीचं नाव लिहीत नाही. मे-जूनमध्ये तक्रार करायला जागा नव्हती. जुलैपासून रडगाणं सुरू झालं. फोन केला की पलीकडून एकच मंत्र: ‘मॅडम, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.’ मी इतक्यांदा केलं की आई म्हणाली, बटण झिजेल. शेजारच्या काकांचं निदान वेगळं. ‘अगं, संध्याकाळी अख्खं गाव मोबाईल घेऊन बसतं, नेट कुठून पुरणार?’ पटण्यासारखं होतं. म्हणूनच मी महिनाभर त्यावर विश्वास ठेवून बसले.

आधी घराचं सांगते, कारण घरही निर्दोष नव्हतं. आमचं घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याच्या चिऱ्याचं. भिंती दीड फुटाच्या. जोडायला आलेल्या मुलाने राउटर ओटीवरच्या कोनाड्यात ठेवला, कारण तिथे प्लग होता आणि दिसायलाही बरं दिसत होतं. कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी दगड. त्यातून आईने पुढे लोखंडी कपाट अर्धं सरकवलेलं. माझं टेबल माजघराच्या पलीकडच्या खोलीत, म्हणजे मध्ये दोन चिरेबंदी भिंती, त्याही पावसाने ओलावलेल्या. राउटरसमोर उभं राहिलं की फोनवर १२० दिसायचे, टेबलापाशी ३ नाहीतर ४.

राउटर कोनाड्यातून काढून कपाटावर ठेवला. टेबलापाशी १५ मिळायला लागले. मग ५ गिगाहर्ट्‌झ आणि २.४ गिगाहर्ट्‌झ या दोन वाय-फायना वेगवेगळी नावं दिली. ५ वेगवान खरं, पण भिंत आली की हात टेकतं. २.४ हळू, पण चिवट. एकच नाव असलं की कुठलं धरायचं ते फोन ठरवतो, आणि माझा फोन हट्टाने ५ ला चिकटून बसायचा. २.४ वर टाकल्यावर ३० च्या आसपास स्थिर झालं. दिवसा.

संध्याकाळी पुन्हा तेच.

मग भाच्याने फोनवर जे सांगितलं ते मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं. ‘मावशी, वाय-फाय सोड. वायर लाव आणि मोज. वायरने चांगलं आलं तर दोष घरात, वायरनेही मेलेलं असेल तर दोष राउटरच्या मागे.’ माझ्या लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे नेटची वायर लावायचं, भोकच नाही. काकांच्या नातवाचा जुना जाडजूड लॅपटॉप उसना आणला, राउटरच्या खोक्यातली वायर लावली. दुपारी अडीच वाजता आकडा आला ९४. पुन्हा ९४. तिसऱ्यांदाही ९४.

मी खूश होते, भाचा नाही. ‘दीडशेचा प्लॅन आणि दर वेळी ९४? ही वायर शंभरवर अडकलीय.’ लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. चारही धड असल्या तर हजारचा जोड लागतो. एखादी जोडी गेली की दोन्हीकडची यंत्रं तडजोड करून शंभरवर उतरतात, आणि वरखर्च वजा जाता हातात पडतात ९४-९५. वायरीचं टोक उजेडात धरून पाहिलं. आठ पिवळ्या पट्ट्यांपैकी एकीवर हिरवट कळा चढली होती, तांब्याच्या जुन्या घागरीवर चढते तशी. वाडीच्या मागे समुद्र. खारी हवा सायकलच्या चेनला सोडत नाही, तिथे केसाएवढ्या पट्टीची काय कथा. नवीन वायर आणली तर १५२.

(जाता जाता: काकांची तक्रार होती की शंभरचा प्लॅन घेऊन फाइल उतरवताना फक्त १२ दिसतात. प्लॅन मोजतात बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. काकांना त्यांचे पूर्ण शंभर मिळत होते. त्यांना अजूनही हे पटलेलं नाही.)

त्याच दिवशी साडेसातला तोच लॅपटॉप, तीच नवी वायर. डाउनलोड ५. अपलोड ८०.

म्हणजे आता वाय-फाय सुटलं, भिंती सुटल्या, माझी वायर सुटली. कालनिर्णयच्या पानावर, आईच्या दुधाच्या खाड्यांशेजारी, मी आकडे लिहायला लागले: सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री आठ. सहापर्यंत सगळे दीडशेच्या घरात. रात्री आठला ४, ६, ५, ३. गावाची गर्दी असती तर वेग हळूहळू घसरला असता. इथे सहा आणि आठच्या मध्ये कुणीतरी नळ बंद केल्यासारखं होत होतं. आणि अपलोड शाबूत का, हे तर मुळीच कळत नव्हतं.

शुक्रवारी आई ताईकडे चिपळूणला गेली, दोन रात्रींसाठी. शुक्रवारी रात्री आठला १४९. शनिवारी रात्री १५१. रविवारी आई परत आली, रात्री ४.

आता माझ्या मनात काय आलं असेल ते सांगायला लाज वाटते. मी आईचा मोबाईल तपासला. मालिका बघत असेल, आपोआप काहीतरी उतरत असेल. काही नव्हतं. तिचा डेटा तर वाय-फायवर नव्हताच, ती महिनाभर सिमवर चालवत होती!

तक्रार नंबर घेतलेला होता, त्यावर चौथ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. नशिबाने संध्याकाळी. सकाळी आला असता तर ‘सगळं ओके आहे ताई’ म्हणून निघून गेला असता. त्याने फायबरची वायर, म्हणजे उजेडातून नेट आणणारा काचेचा धागा, राउटरच्या डब्यातून काढून उजेड मोजायच्या मीटरला लावली आणि ओठ मुडपले. ‘मायनस २८. ताई, लाईटच पोचत नाहीये.’ हा आकडा राउटरच्या पानावरही दिसतो, हे त्यानेच दाखवलं. १९२.१६८.१.१ उघडायचं, आत फायबरची माहिती असते. आमच्या प्रकारच्या जोडणीत मायनस २७ च्या खाली गेलं की डबा चाचपडायला लागतो. पूर्ण तुटलं तर लाल दिवा लागतो. आमचं तुटलं नव्हतं, म्हणून दिवे सगळे हिरवे आणि फोनवरची बाई समाधानी.

बाहेर खांबापासून माडाला बांधून आलेली काळी वायर पडवीच्या वाशाला एका छोट्या डबीत संपते. तिथे त्याने मोजलं तर मायनस २१. सात डेसिबलचा फरक, म्हणजे उजेड पाचपट कमी. तोही डबीपासून राउटरपर्यंतच्या तीन मीटरांत.

त्याने खिशातून पेनासारखा लेझर काढला, डबीतून आत येणाऱ्या पांढऱ्या वायरीच्या टोकाला लावला आणि म्हणाला, ‘काकू, जरा ओटीवरचा दिवा घालवा.’ अंधार झाला. आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, चौकट आणि झडपेच्या फटीत, वायर लाल पेटलेली दिसली. उदबत्तीच्या टोकाएवढा ठिपका.

वायर खिडकीतून आत घेतलेली. मे महिन्यात झडप सैल होती, फट भरपूर. पावसात लाकूड फुगलं. आणि दिवेलागणीला डास येतात म्हणून आई रोज ती झडप ओढते, बसत नाही म्हणून दोन बुक्क्या मारते आणि कडी घालते. झडप वायरीला चौकटीच्या काठावर काटकोनात दाबत होती. काचेचा धागा असा वाकला की उजेड वाकणाशीच बाहेर गळतो. उतरणारा उजेड १४९० नॅनोमीटर लांबीच्या तरंगाचा, चढणारा १३१० च्या. लांब तरंग वाकणावर जास्त गळतात. म्हणून डाउनलोड मेलेलं आणि अपलोड जिवंत. अपलोडचा तो आकडा इतके दिवस माझ्यासमोर होता. आई चिपळूणला असताना खिडकी लावायची मला आठवणच झाली नव्हती. दोन रात्री डासांनी फोडून काढलं होतं, पण त्याचा नेटशी संबंध कुठे लावणार!

मुलाने झडप उघडली. मायनस २१.४. लावली. मायनस २८.३. आईने स्वतः एकदा लावून, एकदा उघडून पाहिली. मग म्हणाली, ‘अरे बाबा, मग डासांचं काय करायचं?’

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून चौकटीच्या बाजूच्या चिऱ्यात भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पाणी आत येत नाही. त्यात पाइपचा तुकडा. पिळलेली पांढरी वायर मुलाने बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, चहा आणि आंबोळ्या घेतल्या. माझ्या खोलीपर्यंत वाशांवरून लॅनची वायर नेली आणि टोकाला भाच्याचा जुना राउटर लावला. त्यातली आयपी, म्हणजे यंत्रांचे पत्ते, वाटायची सोय बंद करायची आणि वायर लॅनच्याच भोकात घालायची, नाहीतर दोन राउटर आपापसात भांडतात. टेबलापाशी आता १४० येतात. मागच्या पडवीत अजून काही पोचत नाही, पण तिथे नारळ सोलायला बसलेल्या माणसाला नेट लागतं कशाला.

२० सप्टेंबरची रिटर्नं १८ तारखेलाच भरून झाली, रात्री नऊ वाजता, खिडकी कडी घालून बंद असताना.