कॅम्पर घेऊन कासला जाताय? मग आधी पाण्याचं बघा

बरेच जण विचारतात की तुम्ही ती घरासारखी गाडी घेऊन फिरता, मग झोपता कुठं, बाथरूमचं काय, स्वयंपाक खरंच आत होतो का, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, मागची सीटं काढून दोन बेड, छोटा ओटा, सिंक आणि कोपऱ्यात पोर्टेबल टॉयलेट. आम्ही राहतो सांगलीत विश्रामबागला, सासर साताऱ्याचं, त्यामुळे निम्म्या ट्रिपा साताऱ्यात सासूबाईंना गाडीत घेऊन पुढं कास, बामणोली, ठोसेघर अशाच होतात.

कागदांचं आधी सांगते. नुसता फॅब्रिकेटर गाठून सीटं उपटून टाकू नका. गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि आरसीवर नोंद नसली तर अपघातानंतर इन्शुरन्सचं भांडण तुमच्या गळ्यात पडतं. आधी आरटीओत विचारा, मग कटर लावा. आणि पहिल्यांदाच करून बघायचं असेल तर भाड्याने घ्या, पुण्या-मुंबईत तयार कॅराव्हॅन मिळतात, दोन रात्री राहून बघितलं की घरातल्यांना जमतंय की नाही ते कळतं.

आता वजन. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या ट्रिपला आम्ही १०० लिटरची टाकी काठोकाठ भरली, ती बसवलेली पार मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे, शिवाय दोन बॅटऱ्या मागेच, आणि साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तर स्टेअरिंग हलकं हलकं लागायला लागलं, वळणावर गाडी बाहेर ओढतेय असं वाटायचं. नवऱ्याने बाजूला घेतली आणि आम्ही निम्मं पाणी तिथंच सोडून दिलं. एक लिटर म्हणजे एक किलो, साधा हिशेब आहे, पण मागच्या चाकांच्या मागे वजन टाकलं की पुढचा भाग उचलला जातो हे डोक्यातच आलं नव्हतं. आता टाकी मधोमध आणलीय, आणि घाट चढायच्या आधी ती पूर्ण भरत नाही, पाणी वर गेल्यावर घेतो. आपल्याकडं एक सोय मात्र झकास आहे, उसाच्या पट्ट्यात जागोजागी वजनकाटे आहेत, सामान, माणसं, पाणी सगळं भरून गाडी काट्यावर घाला, आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, म्हणजे पुढं किती आणि मागं किती ते कळतं. आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय त्याच्या आतच राहायचं, शंभर किलो शिल्लक राहिले तर उत्तम.

घाट उतरताना ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा विचारसुद्धा नको. पसरणी घ्या, केळघर घ्या, नाहीतर चिपळूणकडचा कुंभार्ली घ्या, भरलेली गाडी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवली तर ब्रेक तापतात, आधी जळका वास येतो आणि मग ब्रेक धरेनासे होतात. वास आला की रुंद जागा बघून थांबायचं, चाकांवर पाणी ओतायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. टायरचं वयही बघा. या गाड्या वर्षातले कितीतरी दिवस नुसत्या उभ्या असतात, नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला.

रात्रीचं ड्रायव्हिंग शक्यतो टाळा, आणि साखर कारखाने सुरू असताना तर अजिबात नको. सांगलीहून पेठ नाक्याकडं जाताना उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे लाल दिवा नाही, ऊस बाहेर आलेला, समोरून गाडीचा झोत डोळ्यावर असेल तर ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावरच. आम्ही दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचतो म्हणजे पोचतोच.

मुक्कामाला आम्ही रस्त्याच्या कडेला थांबत नाही. कास पठारावरही नाही. ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे, फुलं जमिनीलगतची, इवली इवली, एक मोठी गाडी कडेला उतरवली तरी माती दबून जाते. आधी फोन करून एखाद्या घरगुती जेवणाच्या हॉटेलवाल्यांच्या अंगणात थांबतो, जेवण त्यांच्याकडंच घेतो, जागेचे पैसे वेगळे देतो. पावसाळ्यात नदीकाठ कितीही सुंदर दिसला तरी गाडी लावू नका. सांगलीकरांना हे सांगायची गरज नाही, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. पण बाहेरून येणाऱ्यांना कळत नाही की आपल्यावर पाऊस नसला तरी वर कोयनेतून सोडलेलं पाणी खाली येऊन नदी चढते.

आता मला मनापासून जे सांगायचंय ते. त्याच पहिल्या ट्रिपला कासच्या बाजूला मुक्काम होता, रात्री भांडी घासली, सिंकखालचा सांडपाण्याचा कॅन भरला, आणि मी तो अंधारात उतारावर ओतून दिला. साबणाचंच तर पाणी आहे, असं वाटलं. सकाळी चहा घेताना सासूबाईंनी सहज विचारलं, अगं तो कॅन कुठं रिकामा केलास? मी हात करून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिकडं तळं आहे ना गं, आपल्या नळाला तेच पाणी येतं. मला इतकं वाईट वाटलं. सातारा शहर कित्येक पिढ्या कास तलावाचं पाणी पितंय, माझं सासर पितंय, लग्नानंतर पहिला हंडा मी त्याच पाण्याचा भरलाय, आणि मीच वर जाऊन त्यात खरकटं सोडून आले.

तेव्हापासून आमच्याकडं जेवढं पाणी नेलं तेवढा कॅन परत येतो. नियम असा की सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा लहान नको. ताटं आधी जुन्या पेपरने पुसून घेतो, मग दोनच तांबे पाण्यात धुऊन होतात. स्वयंपाक एका कुकरचा, मसालेभात नाहीतर खिचडी, सोबत भडंग आणि दही. टॉयलेटचा कॅन फक्त संडासातच रिकामा करायचा, आधी विचारून, आणि नंतर ती जागा स्वतः धुऊन द्यायची. ओढ्यात नाही, शेतात नाही, खड्डा खणूनही नाही, कारण त्यातलं केमिकल जमिनीतून विहिरीला जातं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं माणशी पाच लिटर धरा, अंघोळ एक दिवसाआड चालते, थंडीत तर कुणी तक्रारही करत नाही.

लाईटचं थोडक्यात, १५० एएचची साधी बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. एसी विसरा, पंखा, दिवे आणि छोटा फ्रीज एवढं निघतं. कुणाच्या घरातून वायर घेतली तर ती जाड असू द्या, आणि गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर लोड आला की तापते.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली फरशीशी साचतो, म्हणून अलार्म खाली बसवायचा आणि सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवायचं. गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद. आणि महाबळेश्वरला कितीही थंडी वाजू दे, शेगडी किंवा कोळसे आत घेऊन झोपू नका, काचा बंद असल्या की जो विषारी वायू तयार होतो त्याला वासच नसतो, झोपेतून जाग येत नाही. एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा आणि जादा रजई घ्या.

दिवाळीनंतर चांदोलीच्या बाजूला जायचा विचार आहे. वारणावतीजवळ मोठी गाडी लावता येईल असं अंगण आणि कॅन रिकामा करायला संडास असलेलं घर कुणाच्या माहितीत असेल तर नक्की सांगा, आम्ही चौघं आहोत, सासूबाईही येणार आहेत.