बुडालं ते पेश्ट, बुडा नाही!

नवऱ्याची व्हिएन्नाला कॉन्फरन्स होती आणि दिवसभर हॉटेलात बसून मी काय करणार, म्हणून एकटीच सकाळची ट्रेन पकडून बुडापेस्टला गेले, पावणेतीन तासात पोचवते. तिथली माणसं 'बुडापेश्ट' म्हणतात, हंगेरियनमध्ये एस म्हणजे श, त्यामुळे आपण आयुष्यभर चुकीचं बोलत होतो हे पहिल्या तासातच कळलं.

केलेती स्टेशनवरून बॅग ओढत सरळ रस्त्याने निघाले तर वाटेत रोकुश नावाचं छोटंसं चर्च लागतं, त्याच्या भिंतीवर एक दगडी पाटी आणि त्यात कोरलेलं बोट एका रेघेकडे दाखवतंय. खाली साल १८३८. नदी तिथून चांगली किलोमीटरभर लांब, दिसतसुद्धा नाही, म्हणून आधी वाटलं कोणाच्या उंचीची खूण आहे की काय. मग फोनवर शब्दाचा अर्थ बघितला, तर पाण्याची पातळी! आणि मी तिथेच थांबले, कारण नारायण पेठेतल्या आमच्या आजीच्या वाड्यात जिन्याशेजारी अशीच एक रेघ होती, पानशेतची. १२ जुलै १९६१. लहानपणी प्रत्येक पाहुण्याला ती रेघ दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. पाटीचा फोटो काढून लगेच आईला पाठवला.

तर भूगोल असा आहे की डॅन्यूब (तिकडे दुना) शहराच्या बरोबर मधून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, पश्चिमेला बुडा म्हणजे टेकड्या, किल्ला, राजवाडा, आणि पूर्वेला पेश्ट म्हणजे एकदम सपाट, तिथून पुढे मैदानच मैदान. हिवाळ्यात नदी गोठायची. १८३८च्या मार्चमध्ये तो बर्फ फुटला, त्याचे मोठाले तुकडे खाली चेपेल बेटाशी अडकले आणि मागे पाणी तुंबत गेलं, मग बांध फोडून जे घुसलं ते पेश्टात, बुडाचा वरचा भाग आपला टेकडीवर कोरडा. दोन हजारांहून जास्त घरं पडली आणि पडली ती पाण्याच्या जोराने नाही तर भिजून, कारण बरीचशी कच्च्या विटांची होती. आमच्याकडे मातीचे वाडे बसले ना खाली, अगदी तस्संच. दीडशेच्या वर माणसं गेली. वेशेलेन्यी नावाच्या एका सरदाराने होडीतून फिरून लोकांना काढलं, त्याचं मोठं शिल्प गावातल्या एका चर्चच्या भिंतीवर आहे, ते आवर्जून बघा, गाईड लोक तिथे थांबत नाहीत.

आणि तेव्हा दोन्ही गावांमध्ये पक्का पूल नव्हता! होड्यांचा पूल असायचा आणि तो थंडीत काढून ठेवायचे. सेचेनी नावाच्या उमरावाचे वडील १८२०च्या डिसेंबरात वारले आणि त्याला नदी ओलांडायला आठवडाभर वाट बघावी लागली, त्या वैतागातून त्याने पुलाचा ध्यास घेतला असं सांगतात. डिझाईन केलं एका क्लार्कने, बांधून घेतला दुसऱ्या क्लार्कने, दोघांचं नातं काही नाही. १८४९ला हा चेन ब्रिज सुरू झाला आणि १८७३ला बुडा, ओबुडा आणि पेश्ट मिळून एक शहर झालं. जानेवारी १९४५मध्ये माघार घेताना जर्मनांनी तो उडवला, एकही पूल धड ठेवला नाही त्यांनी, पण हा बरोब्बर शंभर वर्षांनी, १९४९ला परत उघडला. पेश्टच्या काठावर पार्लमेंटजवळ लोखंडाचे साठ जोड बूट ठेवलेत, त्याच युद्धात इथे उभं करून हंगेरीतल्याच नाझीधार्जिण्या लोकांनी ज्यूंना गोळ्या घातल्या आणि त्याआधी बूट काढायला लावले. त्यात लहान मुलांचेही आहेत. मी फार वेळ थांबू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी गरम पाणी. बुडाच्या टेकड्या चुनखडी-डोलोमाइटच्या, पावसाचं पाणी त्यात खोल मुरतं, तापतं आणि नदीकाठाने खडकाला जी भेग गेलीये तिच्यातून वर येतं. आपल्या वज्रेश्वरीसारखंच, फक्त राजधानीच्या पोटात. तुर्कांनी इथे १५४१ ते १६८६ राज्य केलं आणि हमाम बांधले, त्यातल्या रुदाशमध्ये मी गेले. मधे अष्टकोनी कुंड, वर घुमट, घुमटाला छोटी भोकं आणि त्यातून रंगीत उजेड पाण्यावर पडतो, कोपऱ्यात एक कुंड ४२ डिग्रीचं आहे त्यात मी मोजून दोन मिनिटं टिकले. गंधकाचा वास पहिली पाच मिनिटं त्रास देतो, मग काही नाही.

पेश्टात मात्र तोच खडक खाली खचलाय आणि वर मातीचे थर, त्यामुळे पाणी आपणहून येत नाही. झिग्मोंदी नावाचा इंजिनिअर दहा वर्षं खोदत बसला, ९७० मीटर, आणि १८७८ला ७४ डिग्रीचं पाणी लागलं! म्हणून सपाट पेश्टात ते पिवळं सेचेनी बाथ उभं आहे, जिथे आजोबा लोक छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. ते सुरू झालं १९१३ला, आणि त्याच वर्षी आपली अमृता शेरगिल याच शहरात जन्मली, आई हंगेरियन ना तिची. बाथला जायला १८९६ची मेट्रो आहे, ब्रिटन सोडून बाकी युरोपातली पहिली, रस्त्याच्या इतकी जवळून जाते की चार पायऱ्या उतरलं की प्लॅटफॉर्म.

बाहेर पडून लांगोश खाल्ला, म्हणजे भटुऱ्यावर लसूण, सावर क्रीम आणि चीज, रात्रीचं जेवण कॅन्सल. तेवढ्यात आईचा रिप्लाय आला. फोटो नीट बघून तिने एवढंच विचारलं, "धरण कुठलं फुटलं होतं?" मी लिहिलं, धरण नाही गं, बर्फ अडकला होता. तर म्हणे, "काहीतरीच!"