समोरची काच

परवा दुपारी कूलरचा पंप बंद पडला. नवा केवढ्याला मिळतो ते मोबाइलवर बघत होते, तर पंपांच्या खाली कुठून कोण जाणे एक व्हिडिओ आला. मोटरमनच्या केबिनमधून सीएसएमटी ते कल्याण. पंप राहिला बाजूला. मे महिन्याची दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि मी मानेवर ओला नॅपकिन टाकून मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा करत बसले.

हा नाद तसा जुना आहे. केबिनमध्ये कॅमेरा कोणी लावला, परवानगी होती का, या फंदात मी पडत नाही. माझ्या अटी वेगळ्या आहेत. मागे संगीत नको. कोपऱ्यात हसरा चेहरा ठेवून बोलणारा माणूस नको. आणि वेग वाढवलेला तर मुळीच नको. गाडी स्टेशनात उभी राहते ते वीस-तीस सेकंदही मला हवे असतात. गार्डच्या दोन घंट्या, त्यावर मोटरमनच्या दोन घंट्या, आणि मग निघणं. (गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं. म्हणोत बापडे.) जपानी व्हिडिओ या बाबतीत उत्तम. तिकडे ड्रायव्हरच्या पाठीमागेच काच असते आणि तिला नाक लावून पोरं उभी असतात. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर दर सिग्नलकडे बोट दाखवतो आणि मोठ्यानं काहीतरी म्हणतो. काय म्हणतो ते मला कळत नाही, पण दिवा हिरवा असतो एवढं दिसतं.

नोकरीची सुरुवातीची काही वर्षं मी डोंबिवलीला काढली. पाच नंबरवरून जलद गाडी, लेडीज डबा. आत शिरणं आपल्या हातात नसे, बाहेर पडणंही नसे. बसायला मिळालंच तर गवार मोडत बसलेल्या एखाद्या बाईच्या शेजारी चौथी सीट, म्हणजे अर्धं अंग सीटवर आणि अर्धं हवेत. तो सगळा मार्ग मला पाठ होता, पण आडवा. कुठल्या स्टेशनला कुठल्या हाताला प्लॅटफॉर्म येतो, ठाण्याला कोण उठणार, घाटकोपरला कोणाच्या डब्याची पिशवी पोटरीला टोचणार, एवढंच. माझी लोकल म्हणजे समोरच्या बाईचा अंबाडा आणि तिच्या खांद्यावरून दिसणारी वीतभर खिडकी.

समोरून तोच मार्ग ओळखू येत नाही. इतकी जागा! रुळांच्या जोड्या, मधली खडी, वर तारा, आणि सीएसएमटीतून बाहेर पडताना वेणीच्या पेडांसारखे एकमेकांखालून-वरून जाणारे रूळ. गर्दी कुठे गेली, हा पहिला प्रश्न मनात येतो. ती असते, पण पाठीशी. बारा डबे भरून. मोटरमनला ती ऐकूही येत नाही. त्याच्या वाट्याला येतात खांब, सिग्नल, पूल, रुळाकडेला भाजी लावलेले तुकडे, आणि पुन्हा खांब.

मग प्लॅटफॉर्म जवळ येतो आणि मला या व्हिडिओंतलं सगळ्यात आवडतं ते सुरू होतं. कडेला उभी असलेली सगळी माणसं एकदम जराशी वाकतात. पर्स पुढे येते, पाठीवरची बॅग पोटावर येते. शेकडो चेहरे गाडीकडे वळलेले, आणि त्यातला एकही मोटरमनकडे नाही. नजर आधी गाडीच्या कपाळावर जाते: के म्हणजे कल्याण, बीएल म्हणजे बदलापूर, कर्जतला मात्र एस आणि कसाऱ्याला एन, ते का हे नवख्याला कोणी सांगत नाही. अक्षर वाचलं की नजर लगेच घसरते ती मागून येणाऱ्या दारांवर. मधली काच कोणी बघतच नाही. मीही संध्याकाळी दादरला उभी असायची. त्या काचेमागे कधी मिशीवाला होता, कधी चष्मेवाला होता, असं काही आठवायला बसले तर एकही चेहरा येत नाही. रोजची गाडी, आणि ती चालवणारा माणूस मी एकदाही पाहिलेला नाही. आता इतक्या वर्षांनी, आठशे किलोमीटर लांब नागपुरात बसून, त्याच्या खुर्चीतून मी दादरच्या बायकांकडे बघते, तर त्याही माझ्याकडे बघत नाहीत.

आणखी एक. कुर्ल्याच्या आसपास गाडी मधेच थांबायची. ना स्टेशन, ना पाऊस. आत बायका घड्याळं बघायच्या, कोणीतरी रेल्वेचा उद्धार करायची, मग गाडी हलायची ती अगदी रांगत. हे मुद्दाम करतात, असं आमचं एकमत होतं. व्हिडिओत बघितलं तेव्हा उलगडा झाला. ‘ए’ अक्षराची पाटी लावलेला सिग्नल लाल असेल तर मोटरमननं दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि मग पुढची गाडी दिसेल तर थांबता येईल अशा बेतानं हळूहळू सरकायचं. म्हणजे आम्ही आत शिव्या मोजत होतो तेव्हा तो बाहेर मिनिट मोजत होता. आणि हे सगळं एका हातानं हँडल दाबून धरून. हात उठला की ब्रेक लागतो. त्या यंत्रणेला ‘डेड मॅन’ म्हणतात. यंत्रांना नावं देताना रेल्वेला लाडीगोडी जमत नाही.

ठाण्याच्या पुढे पारसिकचा बोगदा. 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. माझ्या वेळी जलद लोकल त्यातून जायच्या. अंधार झाला की कॉलेजच्या पोरी कारण नसताना किंचाळायच्या आणि गवार मोडणारीचे हात क्षणभरही थांबायचे नाहीत. 2022 मध्ये ठाणे-दिव्याच्या नव्या मार्गिका सुरू झाल्या, तेव्हापासून जलद लोकल कळवा-मुंब्र्याकडून जातात आणि बोगदा मेल-एक्सप्रेसला मिळाला. त्यामुळे परवा व्हिडिओत बोगदा आला तेव्हाच कळलं की हे जुनं आहे. विदर्भ एक्सप्रेसनं गेलं तर तो अजूनही लागतो, पण तोवर सकाळ झालेली असते आणि आपण सीटखाली दुसरी चप्पल शोधत असतो.

गाडीच्या पुढून काय दिसतं, ही ओढ मात्र मुंबईची नाही. ती उमरेडच्या वाटेवरची आहे.

उमरेडला आजोळ. इतवारीहून नागभीडकडे जाणारी नॅरोगेज, दोन रुळांत अंतर अडीच फूट. समोरासमोर बसलं की माणसांचे गुडघे भांडायचे. इंजिन वाफेचं. एकदा उन्हाळ्यात कुठल्याशा लहान स्टेशनात समोरची गाडी यायची म्हणून आमची गाडी खोळंबली. मामांची ड्रायव्हरशी ओळख निघाली. मामांची सगळ्यांशीच निघायची. त्यांनी मला काखेत धरलं आणि सरळ इंजिनात चढवलं.

आत भट्टीची धग, पायाखाली कोळशाचा चुरा, आणि गळ्यात ओला दुपट्टा गुंडाळलेला एक काळा-सावळा माणूस. नागपूरच्या मे महिन्यात त्या भट्टीसमोर उभं राहायचं म्हणजे काय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मला फक्त पुढचं बघायचं होतं. आणि पुढे होतं काय? लोखंड. घड्याळाच्या तबकड्या, पितळी नळ, नळ्या, आणि त्यांच्या पलीकडे अख्खा बॉयलर. रूळ नाहीत, झाड नाही, काही नाही.

‘‘समोरचं दिसत नाही?’’ मी विचारलं.

‘‘नाई दिसत. बाजूनं मुंडी काहाडून पाहा लागते,’’ ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं मला कडेला नेऊन वाकवलं. बॉयलरच्या कुशीवरून जेमतेम एक रूळ दिसला, दुसरा नाही. तेवढ्यात डोळ्यात कोळशाचा कण गेला. आजीनं तो पदराच्या टोकानं काढला आणि मामांना चांगलंच सुनावलं.

ती गाडी 2019 मध्ये बंद झाली. मोतीबागच्या संग्रहालयात नॅरोगेजची इंजिनं उभी आहेत, तिथे मी भाच्यांना घेऊन गेले होते. त्यांना कँटीन कुठे आहे ते हवं होतं.

वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर जन्मभर असा कडेनंच बघत आला. गाडीच्या नाकावर बसून समोर अख्खी काच, ही चैन विजेनं आणली. आपल्या देशात पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटीहून कुर्ल्याला गेली, हार्बरच्या मार्गानं. त्याच्या एकोणीस दिवस आधी, 15 जानेवारीला, आपल्या नागपूर स्टेशनच्या सावनेरी दगडाच्या इमारतीचं उद्घाटन झालं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध? काही नाही. दुपारी झोप न येणारी माणसं असले योग जुळवत बसतात.

नागपूरला लोकल नाही, पण लोकलची माणसं आहेत. बाबा वर्ध्याला अपडाउन करायचे. खिशात एमएसटी म्हणजे महिन्याचा पास, सकाळची पॅसेंजर, ठरलेला डबा, गुडघ्यांवर टॉवेल टाकून पत्ते. अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी... सेवाग्राम येईतो दोन डाव व्हायचे म्हणे. बाबांना खिडकीबाहेर काय दिसतं असं विचारलं तर ते म्हणायचे, ‘‘बाहेर कशाला बघायचं? हातात पानं असतात.’’ निवृत्तीनंतरही बरीच वर्षं ते त्या पॅसेंजरच्या वेळेला उठून बसायचे. हे सांगायचं कारण एवढंच, की आमच्या घरात समोर बघण्याची हौस आनुवंशिक नाही.

तर व्हिडिओ विद्याविहारपर्यंत आला होता तेव्हाच शेजारचे काका आले होते. पंप बंद पडल्याचं त्यांना भिंतीपलीकडून कळलं होतं. आमच्या कूलरचा आवाज थांबला की त्यांची झोप मोडते. काका अजनीच्या शेडमधले, आयुष्यभर मालगाड्या आणि शेवटी शेवटी मेल चालवून निवृत्त झालेले. पान्हा हातात घेऊन आले आणि माझ्यामागे उभे राहिले ते राहिलेच.

‘‘काय वं, एकटाच हाय का हा आतमंदी?’’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘‘हो, लोकलला एकच मोटरमन असतो. काका, बसा ना.’’

‘‘मंग सिग्नल कोणाले सांगते?’’

इंजिनात दोघं असतात, हे मला ठाऊक होतं. सिग्नल दिसला की एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच म्हणून दुजोरा द्यायचा. मोटरमनचं म्हणणं ऐकायला कोणी नसतं. काका खुर्ची ओढून बसले आणि पुढच्या सिग्नलला, बहुधा त्यांच्याही नकळत, पुटपुटले, ‘‘डबल यलो.’’ मग ‘‘यलो.’’ मग घाटकोपर आलं. मी काही बोलले नाही, पण कांजूरमार्गानंतर मीही म्हणायला लागले. मी ‘‘ग्रीन’’ म्हणायचं, काकांनी ‘‘ग्रीन’’ म्हणायचं. पंप तिकडे खोलून ठेवलेला.

भांडुपच्या पुढे एक माणूस रूळ ओलांडताना दिसला. हातात पिशवी, कानाला फोन. हॉर्न वाजला, लांबलचक. तो बघेना. मग शेवटच्या क्षणी उडी मारून पलीकडच्या रुळावर गेला आणि मागे वळून मोटरमनलाच हात वर करून काहीतरी म्हणाला. म्हणजे त्या काचेकडे पाहणारा अख्ख्या व्हिडिओतला हा एकटाच.

काकांनी पान्हा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

‘‘तुमच्या वेळी असं व्हायचं?’’ मी विचारलं. विचारायला नको होतं असं काही वाटलं नाही, सहज विचारलं.

‘‘भरली मालगाडी हाय. ब्रेक मारला तरी ते किलोमीटरभर जाते,’’ काका म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, ‘‘आपल्याले दिसत असते ना सगळं. आपल्यालेच दिसते. जे झालं ते त्या त्या वेळी लिहून देल्लं मी.’’

किती वेळा लिहून दिलं, हे मी विचारलं नाही. काकूंनी मागे कधीतरी सांगितलं होतं की हे प्रवासात नेहमी इंजिनाकडे पाठ करून बसतात, आणि आम्ही त्यावर हसलो होतो.

ठाण्यानंतर बोगदा, बोगद्यानंतर दिवा, मग माझी डोंबिवली. पाच नंबर पलीकडे राहिला, ओळखीचा जिना दिसला न दिसला. कल्याणला गाडी थांबली, व्हिडिओ संपला. काका उठले, पंपाकडे गेले, त्यातला कचरा काढला, दोन मिनिटांत तो सुरू केला. चहा नको म्हणाले. दारात चपला घालताना मात्र वळले.

‘‘दादरले पाहिलं का? बोर्डाच्या पुढं काहाडली त्यानं गाडी. चांगली अर्धा डबा पुढं. आमच्याकडं असतं तर चार्जशीट भेटली असती.’’

ते गेल्यावर मी मागे नेऊन दादर पुन्हा पाहिलं, दोनदा. गाडी थांबायच्या बोर्डाशी बरोबर उभी होती. आणि काका आमच्याकडे आले तेव्हा दादर जाऊन चांगली दहा मिनिटं झाली होती.