कोम्बीचे इंजिन अंगणात उतरवताना

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना घाटाचा चढ लागला, की आमच्या कोम्बीचे, म्हणजे फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनचे, इंजिन जोराने फिरू लागे आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकत नसे. क्लच घसरतो आहे हे कानाला लगेच कळत होते. तो का घसरतो, याचे उत्तर रात्री गाडीखाली पसरून ठेवलेल्या पुठ्ठ्याने दिले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, नेमके तिथेच तेल ठिबकत होते. ते तेल क्लचवरही पोहोचत असणार, आणि क्लचपर्यंत हात जायचा तर इंजिन बाहेर काढण्यावाचून इलाज नव्हता.

गाडी १९७० सालची फोक्सवॅगन टाइप २ आहे. मुंबईच्या एका गृहस्थांकडून ती घेतली तेव्हाच तिच्यात झोपायची फळी, छोटा ओटा आणि भांड्यांचे कपाट होते. १५८४ सीसीचे इंजिन गाडीच्या अगदी मागे बसते; त्याचे चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे असतात आणि ते पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या हवेने थंड राहते. आमच्या गाडीचा मागचा खालचा पत्रा बोल्टांवर बसवलेला असल्याने बंपर आणि तो पत्रा काढला, की इंजिन सरळ मागे ओढून घेता येते. घरी हे काम करण्याचे धाडस मी केले, ते या सोयीच्या भरवशावर.

शेजारचे काका भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले आहेत. ते सोबत नसते, तर मी पान्याला हात लावला नसता. एप्रिलअखेरीस आमच्याकडे दहा वाजल्यानंतर उन्हात पडलेला पाना हाती धरवत नाही, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला कडुलिंबाखाली सुरुवात केली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. मग पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडात एक बोल्ट घट्ट बसवला, कारण या गाडीची टाकी इंजिनाच्या पुढच्या बाजूला उंचावर असते आणि नळी मोकळी सोडली तर पेट्रोल आपोआप वाहत राहते. त्यानंतर डायनॅमो, कॉइल, चोक आणि ऑइल प्रेशर स्विचच्या वायरी काढून प्रत्येकीला आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावली, आणि ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरपासून सोडवून पुढच्या बाजूने ओढून घेतली. हे सारे तासाभरात उरकले.

खरा वेळ घेतला तो चार नट-बोल्टांनी. हे अख्खे इंजिन गिअरबॉक्सला केवळ चार ठिकाणी जोडलेले असते. खालचे दोन नट सतरा नंबरच्या पान्याने सहज सुटले. वरचे दोन पंख्याच्या कवचामागे दडलेले असतात आणि तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच चाचपावे लागते. उजवीकडचा वरचा बोल्ट स्टार्टर मोटरलाही धरून असतो. मी इंजिनाच्या खणात वाकून पाना लावला होता आणि काका गाडीखाली आडवे पडून बोल्टाचे डोके धरून होते. आम्ही वरचे बोल्ट आधी सोडले आणि खालचे शेवटी, तेही इंजिनाखाली जाड फळी घालून तिला जॅकचा आधार दिल्यानंतरच.

यापुढचा टप्पा मी सर्वांत जास्त घाबरून केला, आणि तसे घाबरणे योग्यच होते. इंजिनाचे वजन शंभर किलोच्या आसपास असते, आणि गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध शिरलेला असतो. इंजिन किंचित जरी खाली झुकले, तरी सारा भार त्या शाफ्टवर येतो. मग शाफ्ट किंवा क्लच प्लेट वाकली, तर दुरुस्तीसाठी काढलेल्या इंजिनामुळे नवीनच दुरुस्ती अंगावर येते. म्हणून जॅक वर-खाली करून आम्ही इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट चारही बाजूंनी सारखी राखली आणि इंजिन वीतभर सरळ मागे घेतले. काका खालून एवढेच म्हणत होते, “भाऊ, ध्यान ठेवजो.” शाफ्ट पूर्ण मोकळा झालेला डोळ्यांनी पाहिल्यावरच जॅक उतरवला आणि इंजिन जुन्या टायरवर टेकवले. तेव्हा नऊ वाजून गेले होते.

क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट काढताच क्लच प्लेट तेलाने काळी पडलेली दिसली. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो इथे नव्हता. म्हणजे तेल इंजिनाचे होते आणि फ्लायव्हीलमागचे, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकामागचे, तेल अडवणारे सील गेले होते. फ्लायव्हीलचा छत्तीस नंबरचा नट सोडण्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टी तयार करून आणावी लागली, कारण तो सुमारे पस्तीस किलोग्रॅम-मीटर इतका आवळलेला असतो.

सीलपेक्षा मला जास्त लागले ते दुसरेच. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि गाडीची बॉडी यांच्यामधली रबरी पट्टी आधीच्या कोणा मेकॅनिकने काढून टाकली होती, आणि हीटरच्या नळ्या काढल्यावर पंख्याच्या कवचाला उरलेली दोन भोकेही उघडीच सोडली होती. या पत्र्यांचे काम वरची थंड हवा आणि खालची सिलिंडर-सायलेन्सरची गरम हवा वेगळी ठेवणे हे असते. पट्टी नसेल तर पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा ओढतो, आणि उघड्या भोकांतून त्यातलीही काही वाया जाते. त्यातच या सालच्या इंजिनात ऑइल कूलर कवचाच्या आत, तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे तो सिलिंडर मुळातच बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो. ज्या मुलखात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथे ही पट्टी काढून गाडी रस्त्यावर सोडणे मला अक्षम्य वाटते. घाटात घसरणाऱ्या क्लचची मी तक्रार करीत होतो आणि त्याच वेळी इंजिन स्वतःचीच गरम हवा पीत होते, हे इंजिन बाहेर आले नसते तर मला कधीच कळले नसते.

भोकांसाठी पत्र्याची दोन झाकणे कापून घेतली आहेत. सील आणि रबरी पट्टी यायला आठवडा लागेल. तोवर आईने दिलेले जुन्या लुगड्याचे फडके गिअरबॉक्सच्या तोंडावर बांधून ठेवले आहे, कारण दुपारच्या वावटळीतली धूळ त्या शाफ्टवर बसू द्यायची नाही.